नववी ब

सातपूरच्या प्रेस शॉपमध्ये सव्वीस वर्षं काढली,
म्हणून माझा डावा कान शिट्टी वाजवतो.
उशीत दाबून धरला तरी वाजवतोच.
डॉक्टर म्हणाले, सवय करून घ्या.
मी जाड टायरची जुनी सायकल घेतली
आणि टायरात हवा कमी ठेवायला शिकलो.

गंगापूर धरण मागं पडतं तेव्हा अजून अंधार असतो.
गिरणाऱ्यात टोमॅटोचे क्रेट, पिकअपांचे हॉर्न,
कुणीतरी कुणाच्या तरी आईवरून.
मग एकेक गळत जातं:
ट्रक, जीप, दुधाच्या किटल्यांची मोटारसायकल.
वाघेऱ्याचा घाट चढून मी डावीकडं वळतो
तिथं डांबरही गळून पडतं.

मुरूम.
चाकाखाली करकर, करकर,
जात्यात नागली भरडावी तसं.
शिट्टी त्या आवाजाखाली शिरते
आणि मांजरासारखी अंग दुमडून बसते.
साग, ऐन, पुन्हा साग,
त्याची वाळकी पानं चाकात अडकून
फरफटत येतात थोडा वेळ, मग सोडून देतात.
खाचरांच्या कडेला खुरासणी पिवळी.
एक सातभाईंचा थवा भांडत भांडत रस्ता ओलांडतो,
सहाच निघाले.

खिंडीत थांबून बाटलीतलं बोटभर पाणी ओतलं,
अर्धं अलीकडं, अर्धं पलीकडं:
हे गोदावरीबरोबर पूर्वेला जा,
तू दमणगंगेबरोबर पश्चिमेला.
दोन्ही जागच्या जागी जिरले.

उतारावर मी त्रेपन्न वर्षांचा नसतो.
तो धडा मला धोंड्यानं दिला,
नदीच्या फरशीला दोन वळणं असताना.
टायर बाजूनं फाटला, अंगठा आरपार जाईल इतका.
ट्यूबला ठिगळ लावता येतं.
टायरला काय लावणार?
सागाचं पान लावून पाहिलं. हसू नका.

"कठं जास?"
शाळेला मिळालेली निळी सायकल, पुढची टोपली वाकडी,
मागं खताच्या गोणीत दप्तर.
नाव तारका भोये, पाडा खालचा,
शाळा वरची, नऊ किलोमीटर.
फाट बघितली, मला बघितलं,
माझ्या हेल्मेटकडं जरा जास्त वेळ बघितलं,
आणि वहीचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून हातात दिलं.
दुहेरी घडी घालून आत लावलं. बसलं.

पंप मारत होतो तेव्हा तिनं विचारलं,
नाशिकला डांबर आहे ना?
आहे.
मग?

मी कान दाखवला. आवाजाचं सांगितलं.
गाड्या नाहीत, धूर नाही, शांतता.
ती म्हणाली, गाड्या नाहीत ते खरं.
श्रावणात मावशीला झोळीतून वर नेली.
शांतता होती.
मग टोपली सरळ करायचा प्रयत्न केला,
झाली नाही,
उभ्यानं पायडल मारत चढ चढून गेली.
त्या चढाला मी उतरून चालतो.

परतीला मागचं चाक दर फेऱ्याला
एकदा उचलायचं, टप.
घडी जरा जाड झाली होती.
गिरणाऱ्यापर्यंत टप, सातपूरच्या सिग्नललाही टप,
बसांच्या गोंगाटात ऐकू आलं नाही,
पण बुडाला कळत होतं.
घरी टायर उलटा करून बघितला.
आत लेबल तसंच:
नाव, विषय भूगोल, इयत्ता नववी ब.
नवा टायर आणला. जुना गॅलरीत टांगला.
बायको म्हणते, भंगारवाला आला होता.
मी म्हणतो, गेला ना?

माघात पुन्हा गेलो.
खिंडीच्या अलीकडं खडीचे ढीग,
डांबराची पिंपं ओळीनं,
आणि सावलीत झोपलेला रोलर.
सायकल सागाला टेकवली.
"बरं झालं," असं मोठ्यानं म्हणून बघितलं.
उजव्या कानाला पटलं.
डाव्यात शिट्टी चालू होती.